प्रायोगिक तत्त्वावर एक बस

माझी मोठी बहीण गेली त्याला आता सात महिने होतील. तिच्याबद्दल लिहायचं ठरवून बसले की दर वेळी बसबद्दलच लिहिलं जातं. दोनदा कागद फाडून टाकले. आता वाटतं, जे येतंय तेच येऊ द्यावं. शेवटच्या वर्षात आम्हा दोघींच्या मध्ये आजारापेक्षा रस्ताच जास्त होता.

ती कोथरूडला राहायची, मी मांजरीला. त्याआधी पस्तीस वर्षं मी कसबा पेठेत भाड्याच्या घरात काढली. मी नोकरी करायची ते कॉलेजचं ग्रंथालय, भाजी, डॉक्टर, देऊळ, सगळं चालत. नवरा गेल्यावरही मी तिथेच राहिले. मग मालकांनी इमारत पाडायला काढली, आणि मिळालेले पैसे अन् माझी शिल्लक मिळून जे घर परवडलं ते मांजरीला होतं. तिथे पूर्वी ऊस होता. अजूनही आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे थोडा आहे. जाहिरातीत लिहिलं होतं, रेल्वे स्टेशनपासून सात मिनिटं. कशानं, ते लिहिलं नव्हतं. ताईला मी तो कागद दाखवला तेव्हा ती म्हणाली, "विमानानं असतील."

ताईला अर्धांगवायू झाला तेव्हा मला तिकडे राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं लख्ख राहिलं. ती शाळेत गणित शिकवायची, आणि बोलायला वेळ लागतो म्हणून आता मोजकंच बोलायची. त्यामुळे तिचं बोलणं पूर्वीपेक्षाही टोचायला लागलं, असं तिचा मुलगा म्हणायचा. घर दोन खोल्यांचं. मुलगा, सून दोघं नोकरीला, नात कॉलेजात. सकाळी सहाला एक बाई यायच्या. अंग पुसणं, व्यायाम, न्याहारी, सगळं त्या फार नीट करायच्या. पण अकराला त्यांना निघावं लागे, कारण साडेअकराला जवळच त्यांचे दुसरे एक पेशंट होते. सून पाच वाजता ऑफिसमधून यायची. मधले सहा तास कुणाचे, हा प्रश्न होता.

दुपारसाठी दुसऱ्या बाई लावून पाहिल्या. पहिल्या बाई मोबाईल बघत बसायच्या आणि दुसऱ्या ताईशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायच्या. ताईनं दुसऱ्या दिवशी त्यांना सतराचा पाढा म्हणायला सांगितला. त्या तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तेव्हा भाच्यानं एका रविवारी मला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की दुपारी घरातलं कुणी बसणार असेल तर आई घरी राहील, नाहीतर चांदणी चौकाच्या पलीकडे एक शुश्रूषा केंद्र आहे, तिथे ठेवावं लागेल. तो वाईट माणूस नाही. हे सांगताना तो ताईच्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसला होता.

मी म्हटलं, मी येईन.

ताईनं आतून विचारलं, "कशी येशील?"

हा तिचा जुना प्रश्न होता. कुणीही दारात आलं की आधी तो कसा आला हे ती विचारायची, मग पाणी. मी म्हटलं, येईन कशीही. ती म्हणाली, "कशीही म्हणजे काय? मांडून दाखव."

मग आम्ही खरंच मांडलं. मांजरीच्या स्टेशनवर दौंडहून सव्वानऊच्या सुमाराला एक गाडी येते. ती पुणे स्टेशनला अर्ध्या तासात पोचते. तिथून मेट्रो थेट कोथरूडला, आणि मेट्रोपासून ताईचं घर माझ्या पायांनी पंधरा मिनिटं. सगळं मिळून अकराच्या आत बसत होतं. गाडीला गर्दी असते, पण ती पुढे जाते. मेट्रो तर मला फारच आवडली. तिच्यात वाचता येतं. अडचण होती ती फक्त माझ्या घरापासून मांजरी स्टेशनपर्यंतच्या तीन किलोमीटरांची.

त्या तीन किलोमीटरांबद्दल जो तिथे राहत नाही त्याला सांगून पटत नाही. पदपथ नाही. एका बाजूला सिमेंटचे फिरते मिक्सर, दुसऱ्या बाजूला हंगामात उसाच्या ट्रॉल्या. सकाळी रिक्षा मिळत नाही, कारण सगळ्या रिक्षांत शाळेची मुलं कोंबलेली. मोबाईलवरून बोलावलेला गाडीवाला फोन करून विचारतो, कुठे जायचंय. स्टेशन म्हटलं की फोन ठेवतो. चालत मला पाऊण तास लागायचा आणि दोन्ही गुडघे दुपारपर्यंत बोलत राहायचे. पहिले काही दिवस शेजारचा एक मुलगा कामावर जाताना मला स्कूटरवरून सोडायचा. मग त्याची पाळी बदलली.

तेवढ्यात बस आली. ती माझ्यासाठी आली नव्हती. सोसायटीनं बसच्या कार्यालयाकडे वर्षभर अर्ज केले होते, आणि अखेर एका पत्राला उत्तर आलं: सोसायटीच्या चौकातून गावामार्गे रेल्वे स्टेशनपर्यंत, सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक, तीन महिने, प्रायोगिक तत्त्वावर. प्रतिसाद पाहून पुढचा निर्णय. सकाळी आठ पन्नासला बस निघायची आणि नऊ पाचला स्टेशनवर सोडायची. गाडी सुटली असं त्या तीन महिन्यांत माझ्या बाबतीत एकदाच झालं, आणि त्या दिवशी गाडीच वेळेआधी आली होती.

बसच्या पहिल्या दिवशी मी साडेदहाला ताईच्या दारात उभी राहिले. सकाळच्या बाई तिचे केस विंचरत होत्या. ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "उरले पंचवीस." म्हणजे अकराला पंचवीस मिनिटं शिल्लक. घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं. पण तिचा चेहरा असा झाला होता की मी दुरुस्ती केली नाही.

त्या दुपारी आठवतात. फार काही घडायचं नाही. मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. अग्रलेख तिला नको असायचे. छोट्या जाहिराती हव्या असायच्या. वधू-वर, हरवले-सापडले, जुनं फर्निचर, नवी घरं. बाराला मऊ भात, साधं वरण. डाव्या हातानं ती स्वतः जेवायची आणि मी मदत केली तर चमचा खाली ठेवायची. एक ते तीन झोप. तीनला उठली की मला डाव्या हातानं एखादं गणित मांडून दाखवायची आणि मला ते सुटायचं नाही. चाळीस वर्षांपूर्वीही सुटायचं नाही. पाचला सून आली की मी निघायची. सून रोज न चुकता विचारायची, "मावशी, चहा घेऊन जाता का?" आणि मी रोज न चुकता सांगायची की घेतला असता, पण बस चुकेल. संध्याकाळची बस स्टेशनवर सव्वासातच्या गाडीसाठी थांबायची.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पुढचं मी केलं.

दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला सोसायटीच्या सचिवांनी सभा घेतली. निवृत्त बँकवाले गृहस्थ. प्रत्येक वाक्य मुद्दा क्रमांक देऊन बोलतात. त्यांचं म्हणणं, बस टिकवायची असेल तर ती भरलेली दिसली पाहिजे. लोक उत्साहानं आठ दिवस बसतात आणि नवव्या दिवशी स्कूटरला किक मारतात. माना सगळ्यांनी डोलावल्या. तेव्हा मी उभी राहिले. मी सभेत बोलणारी बाई नाही. पण ग्रंथालयात एक गोष्ट मी आयुष्यभर पाहिली होती: ज्यानं वर्षाची वर्गणी भरली तो येतो, ज्याला वाटेल तेव्हा येईन असं वाटतं तो येत नाही. मी म्हटलं, आपण सगळे मासिक पास काढू. एकदा पास काढला की तो वाया जाऊ नये म्हणून तरी माणूस बसनं जाईल. आमची माणसं मला माहीत होती. पास फुकट जातोय हे आमच्यापैकी कुणालाही सहन झालं नसतं.

सचिव म्हणाले, "बाई, आपण हे काम अंगावर घेता का?" मी घेतलं.

दोन रविवार सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसले. अर्ज भरले, फोटो चिकटवले, आधारच्या झेरॉक्स लावल्या, ज्येष्ठांचे वेगळे, विद्यार्थ्यांचे वेगळे, नोकरदारांचे वेगळे. एका आजोबांचा फोटो पासपोर्टचा नव्हता, मुलाच्या लग्नातला कापलेला होता, मागे मांडवाची फुलं दिसत होती. तोही चालवून घेतला. पास केंद्रातला माणूस माझा गठ्ठा पाहून म्हणाला, एवढे सुबक अर्ज मी नोकरीत पाहिले नाहीत. बावन्न पास झाले. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकून खाली हात जोडल्याची आणि फुलांची चित्रं आली. मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "लोकांना पुस्तकं परत करायला लावण्यात जन्म गेला. आता बसमध्ये बसायला लाव." पण तिला अभिमान वाटला होता. सून आल्यावर तिनं तो आकडा पुन्हा तिला सांगितला. "बावन्न" हा शब्द म्हणायला तिला बराच वेळ लागला, पण तिनं तो पुरा म्हटला.

आणि लोक खरंच बसमध्ये बसू लागले. मी एक वही केली. तारीख, फेरी, चढलेले प्रवासी. कधी अडतीस, कधी चव्वेचाळीस. सकाळी उभं राहावं लागायचं. मला उभं राहायला त्रास होई आणि आनंदही होई. ताईकडे पोचल्यावर मी तिला आकडा सांगायची आणि ती मनातल्या मनात सरासरी काढायची.

बसच्या कंडक्टर गावातल्याच एका घरच्या सून होत्या. सासरचं शेत आता जिथे आमच्या शेजारचे टॉवर आहेत तिथे होतं. उरलेल्या तुकड्यात अजून ऊस होता. बाकीच्यांशी त्या फटकून बोलायच्या, माझ्याशी नाही. मी वही काढली की म्हणायच्या, "लिवा, आज्जी, माझी पन हजेरी लावा." तिसऱ्या महिन्यातला पहिला आठवडा संपत आला होता. त्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेशनवर सगळे उतरले, मी हळूहळू उतरते म्हणून शेवटी राहिले, तर त्यांनी मला दाराशी थांबवलं.

"आज्जी, राग मानू नका, पर सांगते. तुमच्या पासांनी ही गाडी मरतीया."

मला काही कळलं नाही.

"मशीनला तिकीट दिसतं. पास दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "पास मी नुसता बघते अन् म्होरं सरकते. रातच्याला मशीन डेपोत जमा होतं तवा त्यात काय निघतं? अकरा तिकिटं. कधी नऊ. ती पन आमच्या गावातली, साइटवर जानारी. तुमचं कुनीच न्हाई त्यात. साहेब म्हनले, अकरा मान्सांसाठी गाडी कशाला फिरवायची."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, शिकलेली मानसं हायत, म्हाईत आसंल."

गाडी आली म्हणून मी निघाले. त्या दिवशी मेट्रोत पुस्तक उघडलं नाही. रोज तीस-पस्तीस माणसं माझ्या सांगण्यावरून आपला पास दाखवत होती आणि प्रत्येक पासागणिक मशीनच्या लेखी बस रिकामी होत होती. पास काढले नसते, नुसती पंधरा-वीस माणसं तिकीट काढून बसली असती, तरी ती दिसली असती.

ताईनं आकडा विचारला. मी सांगितला, बेचाळीस. खोटा नव्हता.

संध्याकाळी सचिवांना गाठलं. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि लगेच ग्रुपवर लिहिलं की उरलेले दिवस सर्वांनी पास असूनही कृपया तिकीट काढावं. लोकांनी काय म्हणावं हे मला आधीच कळलं होतं. तरी मी दारोदार गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, पास तुम्हीच काढायला लावलात. आता तिकीट काढायला लावताय. पुढच्या महिन्यात बस ढकलायला बोलावणार असाल तर आत्ताच सांगा, कपडे तसे घालून येतो." त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं, तिथेच, त्या खुर्चीत. बाहेर जिन्यात आल्यावर मात्र बराच वेळ पायरी दिसेना.

नऊ जणांनी तिकिटं काढली. मी दहावी. कंडक्टरबाई माझं तिकीट फाडून देताना माझ्याकडे बघायच्या नाहीत.

मुदत संपायच्या आधी मी वही घेऊन बसच्या कार्यालयात गेले. अर्ध्या दिवसासाठी ताईजवळ नातीला बसवलं, तिचे कॉलेजचे दोन तास बुडाले. अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी मला बसवलं, वही उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. तारखा, फेऱ्या, आकडे, खाली प्रत्येक आठवड्याची बेरीज. मग म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे हो, बाई."

मी शेवटच्या पानावरची बेरीज दाखवली.

ते म्हणाले, "मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मला मशीनचा कागद वर पाठवावा लागतो. वही पाठवता येत नाही." पासाचे पैसे जिथे पास निघाला त्या केंद्रात जमा होतात, ते सगळ्या शहराचे असतात, एका फेरीचे नसतात, हेही त्यांनी समजावून सांगितलं. सगळं नियमाला धरून होतं. मी विचारलं, माझ्यासारख्यांनी काय करायचं. पुढच्या प्रयोगाच्या वेळी पासधारक वेगळे मोजावेत अशी मागणी करणारा अर्ज आत्ताच देऊन ठेवा, असं ते म्हणाले. पुढचा प्रयोग कधी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. त्यांनी पोच दिली.

महिनाअखेरीला बस बंद झाली. कसलीही सूचना लागली नाही. एक तारखेला आम्ही आठ-दहा जण चौकात उभे राहिलो आणि सव्वानऊ वाजल्यावर एकेक जण मोबाईल कानाला लावत पांगला.

मी ताईच्या घरी राहायला का गेले नाही असं मला नंतर काही जणांनी विचारलं. गेले होते. आठ दिवस. बैठकीतल्या दिवाणावर झोपले. नातीची परीक्षा होती, ती त्याच खोलीत अभ्यास करायची. मी दिवा मालवायला सांगू शकत नव्हते आणि ती लावून ठेवू शकत नव्हती. सून माझ्या आधी उठायचा प्रयत्न करायची, मी तिच्या आधी. नवव्या दिवशी सकाळी ताईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "घरी जा. सून माझी आहे, तिला दोन सासवा नकोत." सुनेनं असलं काही म्हटलं नव्हतं, मनातही आणलं नसावं. पण ताईचं खरं होतं. त्या घरात कुणाला रडायलाही कोपरा उरला नव्हता.

मग मी रिक्षा ठरवली. महिन्याच्या बोलीवर. तीन दिवस आली. चौथ्या दिवशी रिक्षावाल्यानं सांगितलं की त्याला त्याच वेळेची शाळेची पाच मुलं मिळाली आहेत. कितीही लवकर चालत निघाले तरी गुडघे मध्येच बसायला लावायचे, सव्वानऊची गाडी सुटायची आणि पुढची सव्वा तासानं. मी पोचायची अकरा चाळीसला, कधी बारा दहाला. सकाळच्या बाई दोनदा थांबल्या. दुसऱ्या पेशंटकडे त्यांना बोलणी बसली. तिसऱ्या वेळी त्या मला फोनवर म्हणाल्या, "मी दार ओढून घेते, आजी झोपल्यात, तुम्ही या लवकर." मी त्या वेळी पुणे स्टेशनच्या जिन्यावर होते. मीच त्यांना जा म्हटलं.

ताई पस्तीस मिनिटं एकटी होती. मी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा ती पलंगाशेजारी जमिनीवर बसल्यासारखी पडली होती, पाण्याचं भांडं कलंडलेलं, डावा हात पलंगाच्या पायाला धरलेला. मोडलं काही नव्हतं. कपाळाला टेंगूळ आलं होतं. ती मला रागावली नाही. मी तिला उचलू शकत नव्हते म्हणून तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले आणि वॉचमनला फोन केला. तो येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. तिनं विचारलं, "बस का बंद केली?"

मी म्हटलं, प्रवासी मिळाले नाहीत.

तिनं कलंडलेलं भांडं डाव्या हातानं सरळ केलं. मग म्हणाली, "बावन्न होते ना. गेले कुठे?"

मी तिला सांगायला हवं होतं. तिला ते समजलं असतं. कदाचित आवडलंही असतं, तिच्या गणितांसारखं. मी म्हटलं, लोकांनी गाड्या घेतल्या. तेवढ्यात वॉचमन आला.

त्या रविवारी तिला शुश्रूषा केंद्रात नेलं. भाचा मला एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, "मावशी, तुझंही वय झालं, तू किती धावणार." त्यानं दोष दिला असता तर मी त्याला उत्तर म्हणून तरी काही बोलले असते.

केंद्र स्वच्छ होतं. माझ्या घरापासून तिथे जायला तीन तास लागायचे आणि परत यायला तीन. भेटीची वेळ चार ते सहा. मी आठवड्यातून दोनदा जायची, मग एकदा. ताई तिथे कुणाला पाढे विचारायची नाही. चमचा खाली ठेवायची नाही. भरवतील तसं जेवायची. एकदा मी निघताना तिनं माझ्या साडीचं टोक धरलं आणि म्हणाली, मुलानं सांगितलंय, तुझी बस सुरू झाली की मला घरी न्यायचं. मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, आईला काहीतरी सांगावं लागतं. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच सांगितलं असतं. अर्जाची पोच माझ्या पर्समध्ये होती. मी कार्यालयात दोनदा फोन केला. ते तरुण अधिकारी बदलून गेले होते.

ती गेली ती सकाळी आठच्या सुमाराला, केंद्रातच. भाच्याचा फोन आला. ते तिला आधी कोथरूडला घरी आणणार होते आणि तिथून अकराला निघणार होते. आमच्याकडे बाई गेली की तिला शेवटची साडी माहेरची नेसवतात. आईवडील, भाऊ कुणी उरलेले नाहीत. ताईचं माहेर म्हणजे मीच. भाचा म्हणाला, तू आलीस की मग.

मी कपाटातून एक कोरी साडी काढली, हिरवी, बारीक काठांची, आणि पिशवीत घातली. मोबाईलवरून गाडी बोलावली. पहिल्यानं नाकारली, दुसऱ्यानंही. तिसरा आला तेव्हा सव्वानऊची गाडी निघून गेली होती, म्हणून मी त्याला सरळ कोथरूड सांगितलं. सोलापूर रस्त्याला लागलो आणि थांबलो. पुढे काय झालं होतं ते दिसत नव्हतं. फक्त बसची, ट्रकची, मोटारींची पाठ दिसत होती. ड्रायव्हर परगावचा होता. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि गाणी बंद केली.

दहा चाळीसला सुनेचा फोन आला. "मावशी, कुठवर आलात?" मी सांगितलं, हडपसर. ती म्हणाली, "थांबतोय आम्ही." सव्वाअकराला पुन्हा आला. मी तिथून दोन सिग्नल पुढे गेले होते. गुरुजींना साडेबाराला दुसरीकडे जायचं होतं, हे ती मला सांगत नव्हती, पण मागे कुणीतरी ते बोलत होतं. सून म्हणाली, थांबतोय, तुम्ही सावकाश या. सावकाश या, असं म्हणाली.

मी म्हटलं, "थांबू नका. तुझ्या कपाटातली एखादी चांगली काढ आणि माहेरची म्हणून नेसव."

तिनं फोन मागच्या आवाजांपासून दूर नेला. मग म्हणाली, "मावशी, तसं कसं."

मी म्हटलं, मी सांगतेय ना.

मी स्मशानभूमीत पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसं नळावर पाय धूत होती. सून माझ्याजवळ आली, माझा हात धरून मला बाकावर बसवलं. तिनं निळी नेसवली होती, तिची स्वतःची, एकदाच वापरलेली. गुरुजींना माझं नाव सांगून बहिणीनं आणली म्हटलं होतं. "छान दिसत होत्या," ती म्हणाली. तिनं माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. भाचा थोडा बाजूला उभा होता, ओल्या पायांनी, आणि मला परत सोडायला कोणती गाडी मिळते ते मोबाईलवर बघत होता.